रिफ्ट मागवू की थांबू?

सप्रेम नमस्कार. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं इंटिरियरचं छोटं ऑफिस आहे. साइट आणि क्लायंट मी बघतो. प्लॅन आणि थ्रीडी माझी पत्नी करते. ती स्केचअपमध्ये मॉडेल उभं करते आणि थ्रीडीएस मॅक्समध्ये व्ही-रे या सॉफ्टवेअरवर रेंडर, म्हणजे फोटोसारखं दिसणारं चित्र, काढते. येत्या २८ मार्च २०१६ ला ऑक्युलस रिफ्ट हा व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा हेडसेट ग्राहकांच्या हातात पडायला सुरुवात होणार आहे. क्लायंटला तो घालून त्याचं घर काम सुरू व्हायच्या आधीच फिरवून दाखवावं, असं माझ्या मनात आहे. आमच्या भागात असं करणारे आम्ही पहिलेच असू. मेहुणा न्यू जर्सीला असतो, जूनमध्ये इकडे येणार आहे. त्याच्या पत्त्यावर आत्ता नोंदवून ठेवता येईल. दीड लाख रुपये बाजूला काढले आहेत. ऑफिसात मागच्या वर्षी घेतलेला लॅपटॉप आहे, त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. पत्नी म्हणते, थांबू या. दहा वर्षांचा मुलगा मात्र दिवस मोजतोय. काय करावं?

– एक वाचक, कोल्हापूर, फेब्रुवारी २०१६

नमस्कार.

उत्तर आधी देते, कारणं मग. जूनसाठी रिफ्ट मागवू नका. व्हीआरचा, म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा, विचार मात्र अजिबात सोडू नका. तुमच्या धंद्याला हे तंत्र खरोखर उपयोगी पडणार आहे आणि त्याची तयारी आजपासून करता येते. त्यासाठी हेडसेट लागतही नाही.

उपयोगी का, हे तुम्ही साइटवर रोज अनुभवत असाल. क्लायंट रेंडर बघून ‘छान’ म्हणतो, काम सुरू करा म्हणतो. सुताराचं काम निम्म्यावर आलं की तोच क्लायंट खोलीच्या मधोमध उभा राहून म्हणतो, ‘एवढं अरुंद होईल असं वाटलं नव्हतं.’ त्याची चूक नसते. दहा बाय दहाची बेडरूम एका चौकटीत मावावी म्हणून रेंडर काढताना कॅमेऱ्याची लेन्स रुंद ठेवावी लागते आणि रुंद लेन्समधून खोली आहे त्याहून मोठी दिसते. साडेनऊ फुटांच्या छताला फॉल्स सीलिंग केल्यावर पावणेनऊ फूट उरतील, हा त्याच्यासाठी नुसता आकडा असतो. हेडसेटमध्ये दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं मिळतात, मान वळेल तसं दृश्य वळतं आणि खोलीचं माप अंगाला जाणवतं. ओट्यापाशी एक जण उभी असताना मागून दुसरीला फ्रीज उघडता येईल का, वरच्या कपाटाच्या मुठीपर्यंत सासूबाईंचा हात पोचेल का, देवघर पॅसेजमध्ये घेतलं तर मांडी घालून बसायला जागा राहील का, हे प्रश्न प्लायवूड कापायच्या आधीच पडायला लागतील. खेळांपेक्षा मला या तंत्राचं मोल इथं जास्त वाटतं, म्हणून तुमचं पत्र वाचून मनापासून आनंद झाला.

आता अडचण सांगते. पत्रावरून असं दिसतं, की आजची तुमची मॉडेलं हेडसेटमध्ये घातली की घर दिसू लागेल असा तुमचा समज आहे. तसं होत नाही. व्ही-रेला चांगल्या प्रतीचं एक चित्र काढायला काही मिनिटं लागतात, कधी काही तास. रिफ्टला एका सेकंदात ९० चित्रं लागतात, तीही प्रत्येक डोळ्याची वेगळी. एका चित्राच्या वाट्याला जेमतेम ११ मिलिसेकंद येतात. डोकं हलल्यापासून बदललेलं दृश्य डोळ्यांपर्यंत पोचायला २० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागला, तर समोरची खोली डोक्यामागून ओढली गेल्यासारखी वाटते आणि पोटात ढवळायला लागतं. व्ही-रे या कामासाठी बनलेलंच नाही. त्यासाठी गेम इंजिन, म्हणजे संगणकावरचे खेळ बनवायचं सॉफ्टवेअर लागतं: अनरिअल किंवा युनिटी. मार्च २०१५ पासून ही दोन्ही सुरुवातीला फुकट वापरता येतात, त्यामुळे पैशांचा प्रश्न नाही. प्रश्न मेहनतीचा आहे.

ती मेहनत कसली असते, ते जरा सविस्तर सांगते, कारण निर्णय यावरच ठरायला हवा. इंटरनेटवरून घेतलेला एखादा सोफा किंवा झुंबर लाखो पॉलिगॉनचं, म्हणजे लाखो छोट्या सपाट तुकड्यांचं बनलेलं असतं. ते रेंडरमध्ये खपतं, इथं नाही. प्रत्येक वस्तू हलकी करावी लागते. मग भिंती, ओटा, कपाटं यांचे पृष्ठभाग उलगडून सपाट मांडावे लागतात, कारण खोलीतला प्रकाश आणि सावल्या आधीच हिशोबून त्या पृष्ठभागांवर चढवून ठेवायच्या असतात. याला लाइट बेक करणं म्हणतात. त्यात एखादा कोपरा चुकला, की पांढऱ्या भिंतीवर डाग उमटतात आणि सगळं पुन्हा बेक करावं लागतं. व्ही-रेची मटेरियल तशीच्या तशी येत नाहीत. काच, लॅमिनेट, इटालियन मार्बल सगळं नव्यानं बनवायचं. रोजची कामं सांभाळून पहिला टूबीएचके नीट उभा राहायला दोन-तीन महिने सहज जातील असा माझा अंदाज आहे. दुसरा लवकर होतो, कारण तोवर हलक्या फर्निचरचा संग्रह तयार झालेला असतो.

हे सगळं कुणाला करावं लागणार आहे? थ्रीडी तुमच्या पत्नी करतात. त्या ‘थांबू या’ म्हणतात एवढं तुम्ही लिहिलंत. का म्हणतात ते लिहिलं नाहीत. कदाचित विचारलंही नसेल. मला वाटतं, त्यांना या कामाचा आवाका तुमच्याहून जास्त लक्षात आला आहे. रात्री क्लायंटचे बदल करत बसणाऱ्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक अख्खं शास्त्र येणार असेल, तर त्यात त्यांचा शब्द शेवटचा असायला हवा. त्यांच्याशी शांतपणे बसून बोला. त्यांना शिकायची इच्छा असेल, तर दीड लाखातले पहिले पैसे त्यांचा वेळ मोकळा करण्यावर घाला: प्लॅन आणि वर्किंग ड्रॉइंगसाठी काही महिने एखादा ड्राफ्ट्समन ठेवा. त्यांना इच्छा नसेल तर हेडसेट कितीही चांगला असला तरी तो तुमच्या ऑफिसात कपाटात पडून राहील.

शिकणं चालू असताना क्लायंटला दाखवायला काहीतरी हवं, आणि ते आजच्या साधनांत होतं. व्ही-रेच्या ३.२ आवृत्तीपासून चारी बाजूंचं, दोन्ही डोळ्यांसाठी वेगळं असं चित्र थेट काढता येतं. खोलीत एक जागा ठरवायची, तिथं कॅमेरा ठेवायचा, रात्रभर रेंडर लावायचं आणि ते चित्र फोनवर टाकायचं. फोन घालायला गूगल कार्डबोर्ड हा पुठ्ठ्याचा डबा काही शे रुपयांत मिळतो. त्याहून चांगलं हवं असेल तर सॅमसंगचा गिअर व्हीआर जानेवारीत आपल्याकडे आठ हजार दोनशे रुपयांना आला आहे. त्याला मात्र गॅलॅक्सी एस-६च्या घरातला किंवा नोट-५ फोनच लागतो. कुणाकडे तो फोन आधीच असेल तर गिअर व्हीआर घ्या. नसेल तर त्यासाठी नवा फोन घेऊ नका, पुठ्ठ्याचा डबा पुरेसा आहे.

कॅमेऱ्याची उंची मात्र विचारून ठरवा. सवयीनं आपण सगळी दृश्यं एकाच उंचीवरून काढतो. ज्या बाई त्या स्वयंपाकघरात रोज उभ्या राहणार आहेत त्या पाच फुटांच्या असतील, तर त्यांचे डोळे जमिनीपासून साडेचार फुटांच्या जरा वर असतात. तिथूनच ओट्याचं चित्र काढा. तेवढ्यानंही फरक दिसेल. एका घरात पाच-सहा जागा पुरेत: दारातून आत आल्यावर, सोफ्यावर बसून, ओट्यापाशी, बेडच्या पायथ्याशी, असं. फोनवरच्या या प्रकाराला एक मर्यादा आहे: मान वळवलेली त्याला कळते, पण माणूस पुढे वाकला किंवा बाजूला सरकला तर ते कळत नाही. म्हणून दाखवताना खुर्चीत बसवा, उभं करू नका. आणि लॅमिनेटचा किंवा रंगाचा शेड यात कधीही ठरवू देऊ नका. त्यासाठी तुमची शेड कार्डंच हवीत. फोनच्या पडद्यावर आणि हेडसेटमध्येही रंग वेगळा दिसतो, आणि नंतरची तक्रार तुमच्या गळ्यात येते.

पुढच्या चार-पाच कामांत हे करून बघा. साइटवर ऐन वेळचे बदल कमी झाले का, याची वहीत नोंद ठेवा. तसे ते खरंच कमी झाले, तर मोठ्या हेडसेटचा खर्च तुम्हाला त्या वहीतच दिसेल.

मोठ्या हेडसेटचा विचार करायची वेळ येईल तेव्हा, तुमच्या कामासाठी रिफ्टच योग्य, असं गृहीत धरू नका. रिफ्ट उत्तम बनला आहे यात शंका नाही. २०१२ मध्ये किकस्टार्टरवर लोकांच्या पैशांतून सुरू झालेल्या या प्रकल्पाला २०१४ मध्ये फेसबुकनं सुमारे दोन अब्ज डॉलरना विकत घ्यायचं जाहीर केलं, आणि पहिल्या नमुन्यापासून आतापर्यंत त्यात फार सुधारणा झाली. डेव्हलपरांसाठी निघालेल्या पहिल्या किटमध्ये प्रत्येक डोळ्याला ६४० बाय ८०० ठिपके मिळत, दुसऱ्यात ९६० बाय १०८०, आणि आता १०८० बाय १२००. दुसरं किट मी घालून पाहिलं आहे; त्यात ठिपक्यांची जाळी डोळ्यांसमोर सतत दिसायची. नव्यात ती बरीच कमी असणार. पण पेटीत काय येतंय ते पाहा: हेडसेट, टेबलावर ठेवायचा एक सेन्सर, एक छोटा रिमोट आणि एक्सबॉक्सचा कंट्रोलर. हातांच्या हालचाली ओळखणारे टच नावाचे कंट्रोलर कंपनीनं या वर्षाच्या उत्तरार्धावर ढकलले आहेत. म्हणजे तुमचा क्लायंट खुर्चीत बसणार आणि खेळाच्या कंट्रोलरची कांडी दाबून घरात ‘चालणार’.

नेमकं हेच टाळायला हवं. डोळे सांगतात की आपण पुढे चाललोय. आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की आपण जागेवर बसलोय. या भांडणातून मळमळ सुरू होते. बसच्या प्रवासात पुस्तक वाचताना जे होतं, त्याच्या उलटा हा प्रकार. खेळांची सवय असलेली तरुण मुलं तो पचवतात. तुमचे क्लायंट पन्नाशीचे, साठीचे असतील. पहिल्याच भेटीत एखाद्या काकूंना गरगरलं तर त्या घरातलं कुणीच पुन्हा हेडसेट डोक्याला लावणार नाही, आणि कामही हातचं जाऊ शकतं.

एचटीसी आणि व्हॉल्व्ह या कंपन्या मिळून व्हाइव नावाचा जो हेडसेट आणतायत, तो तुमच्या धंद्याला जास्त जवळचा आहे. त्याची नोंदणी २९ फेब्रुवारीला उघडते, माल एप्रिलपासून जाईल. किंमत ७९९ डॉलर, रिफ्टपेक्षा २०० डॉलर जास्त, पण दोन्ही हातांचे कंट्रोलर त्यातच येतात. खोलीच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत, माणूस कुठे आहे हे ओळखायला लागणाऱ्या दोन पेट्या लावायच्या. मग साधारण १५ बाय १५ फुटांपर्यंतच्या मोकळ्या जागेत माणूस खरोखर पायांनी चालू शकतो. डोळे आणि कान एकच गोष्ट सांगतात, त्यामुळे मळमळीचं मोठं कारणच जातं. एवढ्या जागेत स्वयंपाकघर सबंध मावतं. क्लायंट ओट्यापासून सिंकपर्यंत स्वतः पावलं टाकेल, ओणवा होऊन खालचं ड्रॉवर बघेल. राजारामपुरीतल्या ऑफिसात तेवढी मोकळी जागा काढता येते का, ते मात्र आधी टेप लावून बघा.

बाकीचं थोडक्यात. तुमचा लॅपटॉप चालणार नाही, हे जवळजवळ नक्की आहे. रिफ्टसाठी किमान जीटीएक्स ९७० किंवा आर९ २९० एवढं कार्ड, आय-५ ४५९० एवढा प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम सांगितली आहे. शिवाय बहुतेक लॅपटॉपमध्ये वेगळं कार्ड असलं तरी चित्र बाहेर नेणारी एचडीएमआयची वाट प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्समधून जाते, आणि हेडसेटला ते चालत नाही. म्हणजे नवा डेस्कटॉप आला. अमेरिकेत रिफ्टसकट तयार संगणक १,४९९ डॉलरपासून मिळतोय, म्हणजे आजच्या दरानं लाखाच्या पुढे. आपल्याकडे सुटे भाग महाग. दीड लाखात हेडसेट आणि संगणक कसाबसा बसेल, पण मग ड्राफ्ट्समनला आणि शिकण्याला काहीच उरणार नाही. ९७० हे कार्ड सप्टेंबर २०१४ चं आहे आणि ते बनवणाऱ्या एन्व्हिडियानं पुढची पिढी याच वर्षासाठी सांगून ठेवली आहे. संगणक घ्यायला थांबलात तर तेवढ्याच पैशांत जास्त ताकद मिळेल.

दुसरं, रिफ्ट आधी ज्या २० देशांत पाठवला जाणार आहे त्यात भारत नाही. व्हाइवच्या यादीतही नाही. मेहुण्यांनी आणलेला हेडसेट बिघडला तर तो परत अमेरिकेला पाठवावा लागेल, आणि धंद्याचं साधन असं महिनाभर अडकणं परवडत नाही. जानेवारीत नोंदणी उघडली तेव्हा मार्चची खेप बघता बघता संपली होती. आज नोंदवलेला जूनपर्यंत न्यू जर्सीत पोचेलच असं धरून चालू नका. सामानातून आणायचा तर आज, फेब्रुवारी २०१६ मध्ये, ४५,००० रुपयांपर्यंत जकात नाही. ५९९ डॉलरचा रिफ्ट, तिथला कर धरूनही, त्याच्या आसपास बसतो. व्हाइव बसत नाही.

एक गोष्ट कुठल्याच जाहिरातीत नसते, म्हणून सांगते. हेडसेट दिवसातून चार वेगवेगळ्या चेहऱ्यांवर चढणार. आपल्याकडे मे महिन्याचा घाम आहे, डोक्याला तेल आहे, कपाळाला कुंकू आहे, अंबाडा आणि गजरा आहे. कपाळावर टेकणाऱ्या स्पंजवर हे सगळं लागतं. पुसता येईल असं आवरण आणि दर वेळी बदलायचा पातळ रुमाल, याची सोय पहिल्या दिवसापासून हवी. चष्मेवाल्यांना आधी विचारून घ्या. मोठ्या फ्रेमचा चष्मा आत मावेलच असं नाही.

आता मुलाबद्दल. ऑक्युलसनं स्वतःच १३ वर्षांखालच्या मुलांनी रिफ्ट वापरू नये असं सांगितलं आहे. रिफ्टच्या दोन भिंगांमधलं अंतर साधारण ५८ ते ७२ मिलिमीटरच्या मधे सरकवता येतं. दहा वर्षांच्या मुलाच्या बुबुळांमधलं अंतर बहुधा याहून कमी असतं, म्हणजे चित्र त्याच्या डोळ्यांच्या मध्यावर येतच नाही. वाढत्या डोळ्यांवर अशा वापराचा काय परिणाम होतो, याचा पुरेसा अभ्यास अजून झालेला नाही, आणि मूल आपलं असताना त्या अभ्यासाची वाट न बघता धोका पत्करावा असं मी कुणालाच सांगणार नाही. मोठ्यांनाही दर अर्ध्या तासानं दहा-पंधरा मिनिटं थांबा असं सांगितलं जातं. म्हणून घरात हेडसेट आला तरी तो तुमच्या मुलासाठी नाही, हे त्याला आजच, कारणासकट सांगा. दहा वर्षांच्या मुलाला खरं कारण कळतं. जूनपर्यंत आशा वाढू दिलीत तर नंतर फार जड जाईल. त्याला तुमच्यासोबत दुसरं काम देता येईल. स्केचअप त्याला नक्की जमेल. त्याच्या स्वतःच्या खोलीचं माप टेपनं घेऊन ती त्यानं उभी करावी. आईच्या शेजारी बसून तो हे आनंदानं करेल असं मला वाटतं.

मेहुण्यांना आत्ता एवढंच कळवा, की या खेपेला काही आणू नका. तुमचं एक घर अनरिअलमध्ये उभं राहिलं आणि नव्या संगणकावर सेकंदाला ९० चित्रांच्या खाली घसरेना झालं, की हेडसेट निवडा. तोवर टच बाजारात आलेला असेल, व्हाइव लोकांनी महिनोन्महिने वापरलेला असेल, आणि कदाचित दोन्हीपैकी एक आपल्याकडे वॉरंटीसह मिळूही लागेल. त्या वेळी पुन्हा लिहा. पत्रात ऑफिसची मोजमापं द्या, आणि एक पान तुमच्या पत्नीनं लिहिलेलं असू द्या.